कोठाराचं दार

शनिवार, रात्रीचे पावणेदोन

भाचा सुट्टीला आलाय. दोन दिवसांपासून आमची ‘द वॉकिंग डेड’ ही मालिका चालू आहे, मेलेली माणसं उठून जिवंतांना खायला लागलेल्या जगात तगून राहणाऱ्या एका टोळीची गोष्ट. त्याच्यासाठी पहिल्यांदाच, माझ्यासाठी बारा-तेरा वर्षांनी. पहिला सीझन सहाच भागांचा, त्यामुळे तो एका बैठकीत उरकला. दुसऱ्यात मात्र गाडी हर्शेल नावाच्या म्हाताऱ्याच्या शेतावर येऊन जी रुतली ती हलेना. आज दुपारी पाणी प्यायला उठलो, परत येऊन बघतो तर पडद्यावरची माणसं भराभर बोलतायत. पठ्ठ्याने वेग दीडपट केला होता! म्हणाला, “मामा, किती स्लो आहे हे. एक मुलगी हरवलीये आणि हे लोक रोज तेच जंगल हिंडतायत.”

रागावलो खरा, पण त्याचं म्हणणं खोटं नाही. सोफिया या सीझनच्या पहिल्या भागात हायवेवरून जंगलात पळते आणि मग सहा भाग शोध, भांडण, जेवण, पुन्हा शोध. २०१२ मध्ये होस्टेलवर पेनड्राइव्हवरून बघताना आम्हीही अशाच शिव्या घातल्या होत्या.

आज रात्री सातवा भाग लावला, ‘प्रिटी मच डेड ऑलरेडी’. २७ नोव्हेंबर २०११ चा, सीझन मध्यावर थांबवणारा. लेखन स्कॉट गिंपलचं, दिग्दर्शन मिशेल मॅक्लॅरनचं. शेवट मला पाठ होता, त्यामुळे आज शेवटाकडे डोळे लावून बसायचं कारण नव्हतं.

सुरुवात अजूनही आवडली. सकाळी सगळे तंबूंपाशी नाश्ता करतायत, कुणी फारसं बोलत नाही. टोळीतला ग्लेन चुळबुळत उभा राहतो आणि सांगून टाकतो की हर्शेलच्या कोठारात वॉकर्स, म्हणजे ती चालती मढी, भरलेत. पूर्ण भागाचं इंजिन त्या एका वाक्यात सुरू होतं. या मालिकेत ‘झॉम्बी’ हा शब्द कुणी उच्चारत नाही, ते मला तेव्हापासून आवडतं. नाव नसल्यामुळेच हर्शेलला म्हणता येतं की ही आजारी माणसं आहेत. तो गुरांचा डॉक्टर. त्याची बायको आणि सावत्र मुलगा त्याच कोठारात बंद आहेत.

मधला भाग मात्र ढिला आहे. टोळीतला म्हातारा डेल बंदुकांची पिशवी खांद्यावर टाकून एकटाच दलदलीत लपवायला जातो, आणि टोळीचा म्होरक्या रिक याचा जुना दोस्त शेन बरोब्बर तिथे पोचतो. का, तर दोघांची गाठ एकांतात पडायला हवी म्हणून. डेल बंदूक रोखतो, पण चाप ओढवत नाही, म्हणून निदान तोंडाने शेनला बोलून घेतो, की हे सडकं जग तुझ्यासारख्यालाच मानवणार. प्रसंग रंगतो, पण लेखकाने दोघांना दंडाला धरून तिथे आणलंय हे लपत नाही. टोळीतल्या टी-डॉगचं तर काय सांगावं. कोण कुणाशी का भांडतंय याचा हिशेब मालिका इतका ठेवते, पण हा माणूस मागे नुसता उभा. कथेत त्याचं एकच काम: गोळीबाराच्या वेळी रांगेत एक बंदूक वाढवायची.

टोळीतला डॅरिल सोफियाच्या आईला, कॅरलला, पाणथळ जागेपाशी ती पांढरी फुलं दाखवतो, तो प्रसंग पूर्वी मी लक्षातही ठेवला नव्हता. आज नीट बघितला. हा माणूस तिला सांगतोय की पोरगी सापडेल, आणि पोरगी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मग तो शेवट. रिक आणि हर्शेल दोन वॉकर्सना काठीच्या टोकाच्या फासात पकडून आणतायत. कुत्री पकडायच्या गाडीवाल्यांकडे असतो, अगदी तसला फास. शेन ते बघून पेटतो. हर्शेलच्या हातातल्या बाईच्या छातीत गोळ्या घालत जातो आणि विचारतो, जिवंत माणूस एवढ्यावर उभा राहील का? ती उभीच. मग डोक्यात, वॉकर तेवढ्यानेच मरतो. हर्शेल तसाच गुडघ्यांवर बसतो. पूर्वी माझं लक्ष शेनवर असायचं, तो कोठाराचं कुलूप फोडत असायचा ना. आज रिककडे बघत होतो. त्याच्या काठीला वॉकर अडकलाय, सोडता येत नाही, म्हणून तो हर्शेलला ओरडून सांगतोय, ही काठी धर. हर्शेलला ऐकूच येत नाही. समोर एवढा कल्लोळ, आणि त्यात एक माणूस हातातली काठी कुणीतरी घ्या म्हणून विनवतोय. या भागातलं सगळ्यात खरं चित्र मला तेच वाटलं.

होस्टेलवर आम्ही सगळे शेनच्या बाजूचे होतो. “एकदाचं काहीतरी केलं कुणीतरी!” असं मीच ओरडलो होतो. आज तसं वाटलं नाही. आजोबा शेवटचं वर्षभर कुणालाच ओळखत नव्हते. काका एकदा जेवताना म्हणाला, “अण्णा गेलेत असंच धरून चाला आता.” आई ताटावरून उठली. ती रोज सकाळी त्यांना पेपरमधल्या ठळक बातम्या वाचून दाखवायची, सोन्याच्या भावासकट. काका चुकीचं बोलला असं मला आजही म्हणता येत नाही.

पण इथेच हा भाग हर्शेलवर अन्याय करतो. त्याची बाजू एकदाही जड होऊ दिलेली नाही. शेनचं गणित बरोबर यावं असाच पट मांडलाय. छातीत गोळ्या घालून दाखवल्या की वाद संपला! बाप, नवरा म्हणून हर्शेलने दार उघडून आत पाहिलं तर त्याला काय दिसत असेल, हे आपल्याला कुणी दाखवत नाही. दाखवायला हवं होतं.

दार उघडतं, रांग धरून गोळीबार होतो. त्याआधी ग्लेन हर्शेलच्या मुलीकडे, मॅगीकडे, बघतो आणि ती मान हलवते, इतकंच. सगळे पडतात. शांतता. आतून पुन्हा गुरगुर येते आणि अंधारातून लहानसे पाय पुढे येतात. सोफिया. कॅरल धावते, डॅरिल तिला आवळून धरतो. किती तरी क्षण कुणी काही करत नाही. मूळ चित्रकथेत ही मुलगी जिवंत राहते, त्यामुळे ती वाचून आलेलेही तेव्हा गाफील सापडले.

आणि शेन? इतका वेळ घसा फोडून ओरडणारा शेन बंदूक खाली करून उभा. पुढे येतो रिक, हर्शेलची मनधरणी करत बसलेला, शेनच्या मते मऊ पडलेला. तोच समोर जाऊन आपलं कोल्ट पायथन रिव्हॉल्व्हर सोफियाच्या डोक्याशी धरतो. वादात शेन जिंकला होता, पण ते काम त्याच्याने झालं नाही. याबद्दल एक अक्षरही कुणी बोलत नाही. या मालिकेला बोलायची केवढी खोड, आणि नेमक्या या जागी ती गप्प राहिली! त्या आधीचे सहा भाग मी माफ करून टाकले. ढिलाई तशीच आहे, पण इतके दिवस शोधलं नसतं तर ते लहान पाय बघून पोटात गोळा आला नसता.

भाचा काही बोलला नाही. वेग त्याने कधी पूर्ववत केला मला कळलंच नाही, बहुतेक कुलूप फुटत होतं तेव्हा. मी दिवा मालवून आडवा झालो. पंधरा-वीस मिनिटांनी अंधारातून आवाज आला, “मामा, झोपलास?”

“नाही.”

“तिला आत टाकलं कुणी? म्हणजे हर्शेलला माहीत असेल तर तो नालायक आहे. नसेल माहीत तर मग कोणी?”

मोठं भोक आहे हे गोष्टीतलं. पुढच्या भागात ते बुजवलंय, पण ज्याला जबाबदार धरलंय तो तिसऱ्याच भागात मेलेला. ते त्याला सांगावं का, या विचारात होतो, तेवढ्यात आतून आई म्हणाली, “दोन वाजायला आले रे. कोणी कोणाला कुठे टाकलं ते सकाळी बोला.”