आमची वाटचाल : उघडता येईल तेच विकायचं

बाबांनी १९७८ मध्ये नागपूरच्या महाल भागात एका टेबलावर मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं काम सुरू केलं. हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, एक वजनकाटा आणि एक लांबोडकी वही, एवढंच भांडवल. त्या वहीत प्रत्येक मोटरची नोंद असायची: कोणाची, कशाने जळली, तार कोणत्या गेजची (जाडीची), तिचे वेढे किती, तांबं किती ग्रॅम गेलं. "पुढच्या खेपेला वेढे मोजायला नकोत," असं ते म्हणायचे. ती वही आजही दुकानात आहे. आमची खरी पुंजी तीच, असं मी मानतो.

नागपुरात हा धंदा म्हणजे मुख्यतः कूलर. होळी झाली की कूलर बाहेर निघतात, नवीन खस लागते आणि आमच्या दारात मोटरींची रांग लागते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपेपर्यंत ती मोटर दिवसाचे अठरा-वीस तास चालते, तेही ओल्या हवेत. मोटरची याहून कडक परीक्षा दुसरी नाही. पुढे आम्ही लोखंडी कूलरही बनवू लागलो. पत्रा इतवारीच्या बाजारातून आणायचा, मोटर आमच्याच हातची.

बाबांच्या वहीची पहिली पानं चाळली तर तीच मोटर आठ-आठ, दहा-दहा वर्षांनी परत आलेली दिसते. माझ्या अक्षरातल्या पानांवर हे अंतर कमी होत जातं. आधी पाच वर्षं, मग तीन, मग दर उन्हाळ्याला एकदा. ही पानं लिहिताना माझ्या ते लक्षात आलं नाही, याची मला आजही खंत आहे.

लक्षात आलं ते २०१३ साली. त्या वर्षी आम्ही घाऊक बाजारातून तयार मोटरी आणल्या. आमच्या मोटरीपेक्षा त्या बऱ्याच स्वस्त होत्या, आणि आपण नाही ठेवल्या तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल ही भीती होती. ८० विकल्या. २३ मे रोजी नागपूरचा पारा ४७.९ वर गेला आणि त्याच आठवड्यात मोटरी परत येऊ लागल्या. जून लागेपर्यंत ३१ आल्या. एक वहिनी भर दुपारी डोक्यावरून ओढणी घेऊन, हातात पिशवीत मोटर धरून आल्या. "भाऊ, घरी दोन महिन्यांचं लेकरू आहे. पंधरा दिवस नाही झाले मोटर नेऊन. तुमच्या भरवशावर नेली होती." त्यांना रागवायचं होतं, पण आवाज रडवेला झाला होता.

मी त्यांच्यासमोरच मोटर खोलायला घेतली. खोलायची तरी कशी, स्क्रूच नव्हते, रिबिट मारले होते. ते छिन्नीने उडवले. आत तार तांबूस दिसत होती. तिच्यावर ब्लेड ओढलं तर तांबूस रंग निघाला आणि खाली पांढरी चकाकी. ॲल्युमिनियम. तारेवरच्या इनॅमलचा, म्हणजे वीजरोधक लेपाचा रंगच तसा दिला होता. वार्निश नावापुरतं, बोट लावलं तर वेढे हलत होते. स्टेटरच्या, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, लोखंडी चकत्यांची थप्पी आमच्यापेक्षा बोटभर कमी. वाइंडिंग तर जळलंच होतं, पण आधी तुटला होता तो तारेचा जोड.

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण ॲल्युमिनियम म्हणजे फसवणूकच असं नाही. तांब्याच्या तुलनेत ते साधारण ६१ टक्के वीज वाहून नेतं, म्हणून तेवढ्याच करंटला तार जाड लागते. चांगला कारखाना तशी जागा ठेवून मोटर बनवतो. पण तार बसते ती खाच तांब्याच्या मापाचीच ठेवून तिच्यात ॲल्युमिनियम बसवलं, तर तार बारीकच घ्यावी लागते आणि ती तापते. शिवाय ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर धरतो, त्यावर साधं कथील चिकटत नाही. पिळून केलेला जोड सैल पडतो, तापतो, तुटतो. वार्निश नीट भाजलेलं नसेल तर कूलरची ओल थेट वाइंडिंगमध्ये शिरते. व्होल्टेज उतरलं की मोटर आणखी गरम होते. मे महिन्यात या सगळ्या गोष्टी एकदम होतात.

वहिनींना मी आमच्या हातची मोटर दिली आणि बाकीच्या तीसही बदलून दिल्या. त्या वर्षी नफा गेला, घरात बोलणंही झालं. बाबा तेव्हा थकले होते. त्यांनी जळलेली एक मोटर हातात घेतली, तोलली आणि ठेवून दिली. काही बोलले नाहीत. वजन कळलं होतं त्यांना.

त्यानंतर आम्ही ठरवलं की जे उघडता येत नाही ते विकायचं नाही. आमच्या मोटरीला स्क्रूच असतात, बेअरिंग बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचं असतं, आणि कूलरचा तळ वेगळा निघतो, कारण गंज आधी तळाला लागतो. तळ बदलला की वरचा सांगाडा अजून दहा वर्षं जातो. भाव जास्त आहे, हे मान्य. रिवाइंडिंगचे पैसे आणि हलक्या नव्या मोटरीचे पैसे यांत आता शे-दोनशेचाच फरक उरला आहे, म्हणून पुष्कळ लोक जुनी टाकून देतात. त्यांना मी दोष देत नाही. महिन्याचा हिशोब त्यांना करायचा असतो. पण तीन उन्हाळ्यांत तीन मोटरी घेतलेला माणूस माझ्यासमोर येतो तेव्हा मी कागदावर बेरीज करून दाखवतो.

तुटणारी प्रत्येक वस्तू वाईट नसते, हेही आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो. मिक्सरचा कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा, तुटावा म्हणूनच मऊ असतो. भांडं अडकलं तर तो तुटतो आणि मोटर वाचते. तो स्वस्तात मिळतो, दहा मिनिटांत बसतो. जिव्हारी लागतं ते कमी वीज खाणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्यांचं, म्हणजे ज्यांची मोटर सर्किट बोर्डावर चालते त्यांचं. जुन्या ७५ वॅटच्या पंख्याचं काम तीसेक वॅटमध्ये करतात, फार चांगली गोष्ट आहे. पण सर्किट बोर्ड गेला आणि तो लाखेसारख्या रसायनात बुडवून घट्ट केलेला असला, तर आम्ही काहीच करू शकत नाही. अख्खा पंखा, तांबं-लोखंडासकट, भंगारात. म्हणून बोर्ड सुटा मिळतो का, हे विचारल्याशिवाय आम्ही असा पंखा ठेवत नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याचं पोर्टलही निघालं. त्यातून सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे आमच्यासारख्या लहान मिस्त्रींपर्यंत पोचावेत, एवढी आमची मागणी आहे.

आता मुलगी दुकानात बसते. तिने एक पद्धत सुरू केली. आमच्या प्रत्येक मोटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ती पक्क्या रंगाने गेज, वेढे आणि तांब्याचं वजन लिहिते. बाबांच्या वहीतली ओळ, मोटरीसोबतच. मी म्हटलं, "अगं, मग लोक दुसरीकडूनच करून घेतील." ती म्हणाली, "घेऊ द्या ना बाबा."

मागच्या एप्रिलमध्ये भंडाऱ्याच्या एका मिस्त्रीचा फोन आला. आमची नऊ वर्षांपूर्वीची मोटर त्याच्याकडे आली होती, तिच्यात काही लिहिलेलं नव्हतं. वेढे विचारत होता. मुलीने वही काढली, पान शोधलं आणि फोनवर सांगितले.