नानांचा डेक

गुहागर, मंगळवार

दुपारी पावसाने जरा उघडीप दिली तशी नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, कॅसेट डेक पडवीत आणला आणि वरचं झाकण काढलं. दिवा लागतो, प्ले दाबलं की मोटर फिरल्याचा बारीक आवाजही येतो, पण चाकं जागची हलत नाहीत. कारण लगेच दिसलं. मोटरवरून चाकं फिरवणारा बेल्ट उरलेलाच नाही. पुलीच्या खाचेत फणसाच्या चिकासारखा काळा लगदा आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे वेग एकसारखा ठेवणाऱ्या जड चाकावर, त्याचे ओघळ. त्या काळातल्या बऱ्याच डेकच्या बेल्टचं रबर नुसतं पडून राहिलं तरी असं पाघळतं, आणि आपली दमट खारी हवा त्यात भरच घालते. फणस चिरताना हाताला खोबरेल लावतो, इथे मात्र तेलाचा थेंबही नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस घेऊन संध्याकाळपर्यंत पुसत होते. बोटं अजून काळी आहेत.

रात्री पुण्याहून चिरंजीवांचा फोन. "आई, कशाला त्या डबड्यामागे जीव काढतेस? लॅपटॉपला जोडायचा छोटा कॅसेट प्लेअर मिळतो, दोन-तीन हजारांत. मी आजच मागवतो." तो काळजीपोटीच बोलतो. म्हटलं, दोन दिवस थांब.

बुधवार

आज काम आवरल्यावर कॅसेटची पेटी उघडली. डेक भावोजींनी मस्कतहून आणला होता, ऐंशीच्या दशकात. गावात तेव्हा टू-इन-वन दोन-चार घरी होते, पण असा माइक लावायची भोकं असलेला डेक कुणाकडे नव्हता. नानांनी त्यावर गणपतीतली भजनं टेप केली, शिमग्यातलं नमन टेप केलं, आणि सासूबाई पहाटे दळायला बसल्या की माजघरात माइक लावून त्यांच्या ओव्या. लेबलवर नानांचं ते टपोरं अक्षर: "सौ.च्या ओव्या, सी-६०, डॉल्बी चालू."

सासूबाईंच्या त्या ओव्या आता कुणाच्या तोंडी नाहीत. मला चार-पाच येतात, त्याही तुटक. म्हणजे आहे ते एवढंच: ३.८१ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर.

आणि म्हणूनच मला दुसऱ्या यंत्राची भीती वाटते. नाना सांगायचे ते डोक्यात पक्कं बसलंय. हेडमध्ये, म्हणजे टेप ज्याला घासून जाते त्या भागात, केसापेक्षाही बारीक फट असते, आणि ती टेपच्या वाटेला बरोबर काटकोनात असावी लागते. ती जराशी कलली की वरचे, बारीक आवाज गळतात. पण ज्या डेकवर टेप केलं त्याच डेकवर वाजवलं, तर कल दोन्ही वेळा सारखाच असतो आणि काही गळत नाही. आमच्या डेकचं हेड तेव्हा कललेलं होतं का, मला सांगता यायचं नाही. कललेलं असेल तर दुसऱ्या यंत्रावर जात्याची घरघर तेवढी ऐकू येईल. खुंटा फिरवताना वाजणाऱ्या सासूबाईंच्या काकणांचा आवाज जाईल. ओवीतला 'स' जाईल. मला ती काकणं हवी आहेत.

दुसरं ते डॉल्बी. मिरवणुकीतल्या भिंतींचं नव्हे, टेपची सूंऽऽ कमी करणारं डॉल्बी बी. टेप करताना ते बारीक आवाज उचलून धरतं आणि वाजवताना तेवढेच खाली आणतं, साधारण १० डेसिबलपर्यंत. त्या स्वस्त प्लेअरमध्ये ही सोय नसते. शिवाय त्यातलं फ्लायव्हील हलकं असतं, त्यामुळे वेग डळमळतो. फिल्मी गाण्यात ते खपून जातं. ओवीच्या शेवटी सासूबाई सूर लांबवायच्या, तो तिथे थरथरला तर माझ्याच्याने ऐकवणार नाही.

शुक्रवार

डेक गोधडीत गुंडाळून चिपळूणला नेला. हे सोबत होते. दुरुस्तीवाल्या काकांचं दुकान बाजारपेठेत आहे, २२ जुलै २०२१च्या पुरात ते पार बुडालं होतं. त्यांच्याकडे म्हणे बेल्ट-रोलरचे खणच्या खण भरलेले असायचे, माप सांगितलं की हातात. सगळा माल चिखलात गेला. आता ते मुंबईहून मागवतात.

त्यांनी आधी हेडवर नख फिरवलं. मलाही फिरवायला लावलं. "खाच लागते का वहिनी?" लागत नव्हती. हेड झिजलेलं असतं तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, असंच सांगितलं असतं म्हणाले. तो माणूस मला तिथेच पटला. पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून पुढे सरकवणारं रबरी चाक, काचेसारखा कडक झालाय, तो बदलायचा. बेल्ट दोन, एक कॅपस्टनचा, म्हणजे टेप ओढणाऱ्या दांडीचा, एक रिळं फिरवणारा. कपॅसिटर तपासून बघू म्हणाले. एकूण खर्च त्या नव्या प्लेअरच्या दुपटीच्या आसपास जाईल. जाऊ दे.

मी एकच गोष्ट दोनदा बजावली: हेडच्या बाजूच्या स्क्रूला हात लावायचा नाही, हेडचा कल त्यानेच बदलतो. त्यावरचं लाल लाखेचं ठिपकं शाबूत आहे, म्हणजे आजवर तो कुणी फिरवलेला नाही. काका म्हणाले, "दुसरं गिऱ्हाईक म्हणतं सगळं सेटिंग करून द्या, तुम्ही म्हणता करू नका." मग काकणांचं सांगितलं. ते गप्प झाले आणि बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं.

रविवार

चिरंजीवांना कळवलं, प्लेअर नको. कारण सांगितल्यावर त्यालाही पटलं. दिवाळीत येताना डेकचा आवाज लॅपटॉपमध्ये घ्यायला चांगलं साउंड कार्ड आणतो म्हणाला.

वेगाचा प्रश्न काल रात्री सुटला. नवा बेल्ट बसला की मोटरचा वेग जुळवावा लागतो. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. काकांकडची मापाची कॅसेट पुरात गेली. पण भजनाच्या कॅसेटमध्ये जी बाजाची पेटी वाजते, ती आमच्या देवघरात अजून आहे! नाना काळी दोनमध्ये गायचे. वेग सहा टक्के चुकला तर सूर एक पट्टी सरकतो, त्यामुळे थोडाफार फरकसुद्धा कानाला कळेल. डेक घरी आला की पेटी शेजारी ठेवून सूर लावायचा आणि मोटरच्या मागच्या भोकातून पेचकसाने वेग जुळवायचा. पेटीही तेव्हापासून थोडी उतरली असेल, पण याहून जवळचा साक्षीदार नाही.

कॅसेट आज एकेक उजेडात धरून पाहिल्या. दोन कॅसेटमध्ये टेपच्या कडेला पांढरी बुरशी आहे. त्या डेकमध्ये घालायच्याच नाहीत, नाहीतर बुरशी हेडवरून बाकीच्यांना लागेल. वेगळ्या पिशवीत बांधल्या. ओव्यांच्या एका कॅसेटमधली, टेप हेडवर दाबून धरणारी नमद्याची गादी गळून पडलीये, खालची पितळी पट्टी हिरवी झालीये. तिचा सांगाडा पाच स्क्रूंचा आहे, चिकटवलेला नाही, त्यामुळे रिळं काढून दुसऱ्या चांगल्या सांगाड्यात घालता येतील. ते काम मी स्वतः करणार. बाकीच्या कपाटात ठेवल्या आणि आत झिरोचा बल्ब लावून दिला.

डेक आला तरी घाई करायची नाही. हवा कोरडी होऊ दे, दिवाळी जाऊ दे. आधी एखादी विकतची, गेली तरी चालेल अशी कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवून बघायची, टेप गुंतत नाही ना ते पाहायचं. मग भजनं, मग नमन. ओव्या त्यानंतर, आणि पहिल्याच वेळी लॅपटॉप जोडून, कारण कुठली टेप दुसऱ्यांदा वाजेल याचा भरवसा नाही.