भोंगा वाजला की बाई डोकी मोजायच्या

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज आला आणि मला सगळ्यात आधी आठवली ती खोडरबरची चव. डिसेंबर १९७१, मी पाचवीत. ३ तारखेला शुक्रवारी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट, अमृतसर, श्रीनगरच्या हवाई तळांवर हल्ला केला, लढाई सुरू झाली आणि मुंबईत ब्लॅकआऊट. दुसऱ्या दिवशी रात्री आपल्या नौदलाच्या मिसाइल बोटींनी कराची बंदरावर मारा केला, मग चाळीत सगळे म्हणायला लागले की आता मुंबईवर येणार. वडील गोदीत कामाला. आजीने १९४४ चा गोदीतला स्फोट पाहिलेला, त्यामुळे भोंगा झाला की ती देवाजवळ नाही, दाराजवळ जाऊन बसायची, वडील येईपर्यंत. खिडक्यांना खळीने काळा कागद चिकटवलेला, आत अंधार, आणि खालून वॉर्डनची हाक, "तिसरा मजला, लाईट बंद करा!"

शाळेत बाईंनी ड्रिल शिकवलं. भोंगा वरखाली ओरडायला लागला की बाकाखाली पालथं पडायचं, कोपरांवर जोर, छाती जमिनीपासून वर, कानात कापूस आणि दातांत खोडरबर, म्हणजे हादऱ्याने जीभ चावली जाणार नाही. एका सुरात सलग वाजला की ऑल क्लिअर. माझ्या खोडरबरवर दातांच्या खुणा अशा उमटल्या होत्या की पुसताना कागद फाटायचा.

बाई मात्र लगेच खाली बसायच्या नाहीत, आधी प्रत्येक रांगेत वाकून मोठ्याने डोकी मोजायच्या. एकदा दुपारी खराच भोंगा झाला, ड्रिल नव्हतं, आणि आकडा ४१ वर थांबला. आम्ही ४२. परत मोजलं, ४१. एक मुलगा मैदानापलीकडे संडासला गेलेला. बाकाखालून मला फक्त बाईंच्या चपला दिसत होत्या, त्या दाराकडे वळल्या आणि पळत सुटल्या, उघड्या मैदानातून, भोंगा चालू असताना. परत आल्या तेव्हा तो कडेवर होता, पाचवीतला मुलगा, आणि बाईंची एक चप्पल मैदानातच राहिलेली. तेव्हा मला वाटलं की बाई आहेत ना, मग काही होत नाही. अजूनही मी त्यांना तसंच आठवतो.

मुंबईवर बॉम्ब पडले नाहीत. १७ तारखेला लढाई थांबली. मग आम्ही वर्गाच्या काचांवरचे कागद पाणी लावून ब्लेडने खरवडले, खळीचे डाग काही गेले नाहीत. त्या दिवशी बाईंनी मस्टर उघडलंच नाही, आम्हाला उभं केलं आणि डोकी मोजली. ४२.