हरिक

लग्नपत्रिकेत ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो’ असं छापतात. पण ती पत्रिका घेऊन वैशाखाच्या उन्हात दारोदार फिरणाऱ्या नवरदेवाच्या बापाला जे झालेलं असतं, त्याला आमच्या वऱ्हाडात हरिक म्हणतात. चपलेचा अंगठा तुटलाय, घसा कोरडा पडलाय, तरी गडी चहाला थांबत नाही.

शब्द मूळचा हर्षच. ‘ष’चा ‘ख’ झाला, जसं विषाचं विख, आणि हरिख झाला. ज्ञानेश्वरीत तो भेटतो. आमच्या तोंडी त्या ‘ख’चाही ‘क’ झाला. पुस्तकी मराठीत हर्ष राहिला खरा, पण तिथं त्याचा वायू होतो!

गंमत अशी की ‘मले हरिक झाला’ असं स्वतःबद्दल सहसा कोणी म्हणत नाही. तो दुसऱ्यालाच दिसतो. ‘पाय ना, मामाच्या गावाले जाचं म्हनून पोरीले किती हरिक आला!’ पोरगी तोवर पिशवी भरून फाटकापर्यंत दोनदा जाऊन आलेली असते. जरा जास्त झालं की हाच शब्द दटावायला कामी येतो. ‘लय हरिक आला का बे तुले?’ यावर उत्तर देऊ नये, घरात निघून जावं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळत ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणायचं. बियाण्याची उधारी डोक्यावर असते, तरी नवी झूल, गोंडे, शिंगांना बेगड हे सगळं आणलेलं असतं. तेही उधारच. बायको कुरकुरते, पण पुरणाची डाळ तिनंच भिजवलेली असते. दुसऱ्या दिवशी नागपूर-वर्ध्याकडे तान्हा पोळा. लाकडी नंदी ओढत पोरं घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्यांच्या हरिकाला तर लगामच नाही.

मग कापसाची पहिली वेचणी, सीतादही. शेतात दहीभात शिंपडतात, बोंडं फुटलेली असतात, वेचणाऱ्या बायांचा आवाज धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, जातो. भाव काय लागेल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून तर हरिक. कापूस विकून आलेल्या माणसाला हा शब्द लावलेला मी ऐकला नाही. भाव बरा मिळाला तर तो खाटेवर टेकतो, नोटा मोजतो आणि एवढंच म्हणतो, ‘जमलं बाप्पा औंदा.’