तंबाखू ते लिफ्ट

रस्त्यावरच्या भुताचं एक बरं असतं, ते काळाबरोबर चालतं.

आमच्या आजोबांच्या गोष्टींतलं भूत पायी चालणाऱ्यांचं होतं. सावंतवाडीचा बाजार आटोपून रात्री गावाकडे निघालं, की पाणंदीच्या वळणावर घोंगडी पांघरलेला कोणीतरी पुढ्यात यायचा. ‘वायच तंबाखू आसा काय रे?’ आपण मुकाट्याने चंची पुढे करायची, त्याच्या पायांकडे बघायचं नाही. पावलं उलटी असणार हे ठाऊकच असायचं. मग बघून त्याला उगाच कशाला ओशाळवायचं?

बैलगाडीवाल्यांचं भूत काही मागत नसे. ते मागून गाडीत चढायचं. रिकामी गाडी एकदम जड व्हायची, बैल फुसफुसत जागीच थांबायचे. पुढे राजदूत आणि बुलेट आल्या, तसं हेच भूत मागच्या सीटवर बसू लागलं. मोटारी वाढल्यावर त्याने पांढरी साडी नेसली. आता कुठलाही घाट घ्या, लिफ्ट मागणारी त्याची एक बाई ठरलेली. तंबाखू मागणारा मात्र गेला. ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याकडे तो मागणार तरी कसा?

चकव्याचेही हालच झाले. हा माणसाला वाट चुकवून कोंबडं आरवेपर्यंत त्याच मळ्यात फिरवायचा. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही जणांना जंगलात सरळ चालायला सांगितलं. ढगाळ दिवशी, सूर्य दिसत नसताना, ती माणसं गोल फिरून स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडत राहिली आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. अवसेच्या रात्री आमच्या मळ्यात याहून वेगळं काय होत असणार! आता सगळ्यांच्या हातात मोबाईलचा नकाशा आहे. अर्थात तोही कधीकधी ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ म्हणत एखाद्याच्या गोठ्यात नेऊन सोडतो, तेव्हा चकव्याला नवी नोकरी लागली असावी अशी शंका येते.

मी भुतंबितं मानत नाही. रात्री घाटात स्कूटर जरा जड वाटली, तर फक्त आरशात बघत नाही, इतकंच.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा मात्र अजून पायीच हिंडतो. नवस फेडायला लोक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. वाहिलेल्या चपलांचे तळ झिजतात, म्हणजे देव रात्रभर गावाची राखण करत फिरला, असं गाव मानतं. वेतोबा म्हणजे वेताळ, भुताखेतांचा राजा. प्रजा कधीच गाड्यांत जाऊन बसली, राजाला अजून चपलाच लागतात.