आठ ग्रॅमच्या भारासाठी अकरा आठवडे

त्रिमितीय मुद्रणाने केलेल्या हायड्रोजेलची (भरपूर पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ पदार्थाची) एक चकती दाबून तिचा ताठरपणा मोजायला यंत्रावर जेमतेम दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे मिळवण्यासाठी मला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारी संपत येईपर्यंत थांबावे लागले. सांगली-मिरजेसारख्या ठिकाणी राहून या विषयात काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा हा वेळ वाचावा, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे काम अल्जिनेट आणि जिलेटिनच्या मिश्रणाचे. थरावर थर मुद्रित करून १० मिलिमीटर व्यासाच्या आणि ४ मिलिमीटर उंचीच्या चकत्या करायच्या आणि कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात त्या घट्ट करायच्या, इथपर्यंत काही अडले नाही. पेशींना आधार देणारा पदार्थ किती ताठ आहे, याला पुनर्जनन वैद्यकात (खराब झालेल्या ऊती नव्याने घडवण्याच्या शास्त्रात) फार महत्त्व आहे. अस्थिमज्जेतील मूळपेशी मेंदूइतक्या मऊ आधारावर चेतापेशींसारख्या, सुमारे १० किलोपास्कलच्या आसपास स्नायूसारख्या आणि त्याहून ताठ आधारावर हाडाच्या पेशींसारख्या वळण घेतात, हे एंगलर, डिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले. त्यामुळे मॉड्युलसचा, म्हणजे ताठरपणाच्या मापाचा, आकडा हाती नसताना त्या जेलवर पेशी वाढवून काढलेला कोणताही निष्कर्ष मला अपुरा वाटत होता.

आमच्या महाविद्यालयात यंत्र आहे, परंतु त्याचा लोड सेल (भार मोजणारा भाग) ५० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे पाच टनांचा आहे, कारण तिथे मुख्यतः बांधकामाच्या सळया तपासल्या जातात. माझ्या चकतीचा हिशेब करून पाहा. मॉड्युलस १० किलोपास्कल धरला, तर उंचीच्या १० टक्के दाबण्यासाठी लागणारे बल ०.०८ न्यूटन भरते, म्हणजे साधारण आठ ग्रॅम वजनाइतके. सळया तोडणाऱ्या यंत्राला एवढा भार जाणवतच नाही. मी हट्टाने एकदा प्रयत्न केला तेव्हा पडद्यावर केवळ थरथरणारी रेषा उमटली. प्रयोगशाळेतले मामा त्या दिवशी सहा वाजून गेल्यावरही माझ्यासाठी थांबले होते. ते शांतपणे म्हणाले, "ताई, याला सोनाराचा काटा लागेल, लाकडाच्या वखारीतला नाही." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. १० न्यूटनचा लोड सेल पुण्यातील एका चाचणी केंद्रात होता आणि तिथे मी अर्ज केला.

तो अर्ज तीन वेळा परत आला. पहिल्या वेळी 'चाचणीचे मानक' हा रकाना अडला. मी आमच्याकडे प्लास्टिकसाठी वापरतात तो एएसटीएम या मानक संस्थेचा डी ६९५ हा क्रमांक लिहिला होता; ते मानक कठीण प्लास्टिकसाठी आहे, ही हरकत योग्यच होती आणि मी ती मान्य केली. मग मी त्याच संस्थेचे एफ २९०० लिहिले, जे पुनर्जनन वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या हायड्रोजेलसाठीच आहे. तीन आठवड्यांनी उत्तर आले की ते मार्गदर्शक आहे, चाचणीची पद्धत नव्हे, त्यामुळे चालणार नाही. शेवटी यंत्राचा वेग, सुरुवातीचा स्पर्शभार, तापमान, द्रावण आणि आलेखाचा उतार कोणत्या टप्प्यात काढायचा हे सारे एका पानावर लिहून, सरांच्या सहीने 'प्रयोगशाळेची स्वतःची पद्धत' म्हणून जोडले, तेव्हा तो रकाना पार पडला. ते पान पहिल्याच दिवशी जोडा.

तिसऱ्या वेळी मात्र मला खरोखर संताप आला. नमुन्याच्या वर्णनात मी 'बायोइंक' असे लिहिले होते, म्हणून संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचे प्रमाणपत्र मागण्यात आले. आमच्याकडे अशी समितीच नाही. वास्तविक ज्या मिश्रणात जिवंत पेशी असतात त्यालाच बायोइंक म्हणावे आणि पेशी नसतील तर बायोमटेरियल इंक म्हणावे, हा भेद या क्षेत्रात मांडला गेला आहे, आणि माझ्या चकत्यांत एकही पेशी नव्हती. शब्द माझा चुकला हे खरे. परंतु तो पहिल्या अर्जातही होताच. सगळ्या हरकती एकदम का कळवल्या नाहीत, असे मी फोनवर विचारले, तेव्हा "मॅडम, आधीचा मुद्दा सुटल्याशिवाय आम्ही पुढचा रकाना पाहत नाही," असे उत्तर मिळाले. संशोधकाचे आठवडे अशा रीतीने खर्ची पडू नयेत, असे मला आजही तीव्रतेने वाटते. नमुने पेशीविरहित आहेत, तसेच अल्जिनेट समुद्री शैवालापासून आणि जिलेटिन कोलॅजेनपासून मिळणाऱ्या भुकट्यांच्या रूपात विकत घेतले आहे, एवढे सरांनी पत्रावर लिहून दिले आणि त्याच आठवड्यात तारीख मिळाली.

या प्रतीक्षेत आणखी एक नुकसान झाले, तेही सांगायला हवे. पहिली तुकडी मी सवयीने फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवली होती. फॉस्फेट कॅल्शियमला बांधून घेते, द्रावणातील सोडियम त्याची जागा घेते आणि कॅल्शियमने बांधलेली अल्जिनेटची वीण सैल होत जाते. काही दिवसांतच चकत्या फुगल्या आणि चिमट्यात धरवेनात. दुसरी तुकडी मी थोडे कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या, फॉस्फेट नसलेल्या हेपेस बफरमध्ये ठेवली. मिरजेहून रात्रीच्या गाडीने नेताना डबी काठोकाठ भरली, म्हणजे आत हवा राहिली नाही आणि चकत्या आपटल्या नाहीत. सर्व नमुने घट्ट केल्यापासून चाचणीपर्यंतचा काळ सारखा ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

आणखी एक आठवले. उंची व्हर्निअरने मोजू नका, कारण जबडे जेलमध्ये रुततात. वरची पट्टी चकतीला टेकते त्या क्षणीचे अंतरच उंची म्हणून घ्या. मुद्रित पृष्ठभागावर रेघांचे उंचवटे असल्याने सुरुवातीला स्पर्श अर्धवटच होतो. म्हणून आलेखाचा पहिला भाग सोडून ५ ते १५ टक्के स्ट्रेनमधला (म्हणजे उंची तेवढे टक्के दबते त्या टप्प्यातला) उतार घ्यावा आणि ही मर्यादा अहवालात लिहावी, कारण पुढे दाबत गेल्यास तोच जेल अधिक ताठ भासतो. वेगही लिहावा, जलद दाबले तर आतल्या पाण्याला बाहेर पडायला अवसर मिळत नाही आणि आकडा वाढतो.

चाचणीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता पहिली चकती द्रावणात बुडवून यंत्रावर ठेवली. रेषा स्वच्छ वर चढली तेव्हा मी काही क्षण नुसती पाहत राहिले. बारा चकत्यांची सरासरी १४ किलोपास्कल आली. हा आकडा २५ अंशांचा आहे; ३७ अंशांवर जिलेटिन वितळून बाहेर येऊ लागते, त्यामुळे त्या तापमानाची मोजणी वेगळी करावी लागेल. तिचा अर्ज मी परवा पाठवला आहे आणि त्यात 'बायो' हा शब्द कुठेही नाही.