१ जानेवारीच्या बेगम

२०१८चा मार्च. पूर्व लंडनमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात मी आयसीटी, म्हणजे माहिती व संवाद तंत्रज्ञान, शिकवत होते. सिक्स्थ फॉर्म म्हणजे साधारण आपली अकरावी-बारावी. मुलं तीन-चार विषय घेऊन ए-लेव्हल ही शेवटची शालेय परीक्षा देतात. आमची बॅच या विषयाची शेवटची. उन्हाळ्यातली परीक्षा झाली की इंग्लंडमध्ये ए-लेव्हल आयसीटीला कायमचं टाळं लागणार होतं. तेव्हाचे शिक्षणमंत्री मायकल गोव्ह यांनी २०१२च्या जानेवारीत एका भाषणात शाळांमधल्या आयसीटीची पार सालं काढली होती: कंटाळलेले शिक्षक कंटाळलेल्या मुलांना वर्ड-एक्सेल शिकवतात, असा एकूण सूर. त्यानंतर वारं कोडिंगच्या दिशेने फिरलं ते फिरलंच. शेजारच्या लॅबमध्ये पायथन ही कोडिंगची भाषा शिकणारी मुलं आमच्या मुलांना 'पॉवरपॉइंटवाले' म्हणायची.

गोव्हसाहेब अगदीच चूक नव्हते, वर्ड-एक्सेलचे रटाळ तास मीही पाहिलेत. पण ए-लेव्हलच्या दुसऱ्या वर्षी कोर्सवर्क, म्हणजे मार्कांचा प्रकल्प, असायचं आणि त्याला खराखुरा क्लायंट लागायचा. एखादा दुकानदार, क्लबचा सेक्रेटरी, कोणीही. पण हाडामांसाचा माणूस, ज्याला खरंच काहीतरी हवंय असा.

माझ्या एका विद्यार्थिनीने वृद्धांच्या लंच क्लबचं काम घेतलं होतं. आठवड्यातून एकदा म्हाताऱ्या बायका जमतात, जेवतात, गप्पा मारतात. बहुतेक सगळ्या बांगलादेशातल्या सिल्हटहून आलेल्या. क्लब चालवणाऱ्या बाईंना ती 'खाला' म्हणायची. सगळा कारभार एका रेघी वहीत. पोरीने मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेसमध्ये झकास डेटाबेस केला होता: फॉर्म, ड्रॉपडाउन, तारीख ठरलेल्या साच्यातच घेणारा इनपुट मास्क, रिकामी चौकट सोडली तर लाल अक्षरात ओरडा. टेस्टिंगही पद्धतशीर, नेहमीचा डेटा, सीमेवरचा डेटा, मुद्दाम चुकीचा डेटा. सगळे रकाने हिरवे.

त्या दिवशी खाला टेस्टिंगला आल्या. कोट काढला नाही, वही मांडीवर ठेवली आणि एका बोटाने टाइप करायला लागल्या. पहिली नोंद: बेगम, १ जानेवारी १९४३. झाली. दुसऱ्या बाईही बेगम. जन्मतारीख १ जानेवारी १९४३. अ‍ॅक्सेसने भलामोठा इंग्रजी संदेश फेकला. मतलब एवढाच, की ही बाई आधीच आहे, पुन्हा घेणार नाही.

"पण या दोघी वेगळ्या आहेत," खाला म्हणाल्या. "एक तर मला जाम आवडत नाही."

पोरीने एकच माणूस दोनदा शिरू नये म्हणून आडनाव आणि जन्मतारीख मिळून प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, केली होती. पुस्तकी उदाहरणात हे खपून जातं. इथे वहीतलं पान उलटावं तर बेगम, बेगम, खातून, बेगम, आणि समोर १ जानेवारीची रांग. जन्मनोंद नसलेल्या माणसांच्या पासपोर्टवर कोणीतरी सोयीची तारीख टाकलेली. मला हसू आवरेना, कारण माझ्या वडिलांच्या पिढीत आमच्याकडे अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं. शाळेत नाव घालताना गुरुजी लिहितील ती तारीख!

"मिस, माझ्या नानीचीपण १ जानेवारीच आहे," पोरगी पुटपुटली. "माझ्या डोक्यातच नाही आलं."

मग खालांनी खरा बॉम्ब टाकला. "तारीख कशाला हवी तुला? मी वाढदिवस थोडेच करते? कोणाला डायबिटीस आहे आणि पडली तर फोन कुणाला करायचा, ते कुठे लिहू?"

त्या दोन गोष्टींना फॉर्ममध्ये जागाच नव्हती. माहिती पुरेशी, संबंधित असावी आणि गरजेपेक्षा जास्त नसावी, हे १९९८च्या डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्टचं तिसरं तत्त्व पोरीने परीक्षेसाठी घोकलं होतं. खालांनी तो कायदा बापजन्मात वाचला नसेल. मी गप्प बसले होते. कोर्सवर्कमध्ये शिक्षकाने किती बोट धरायचं याचे नियम कडक असतात, आणि त्या दिवशी माझी गरजही नव्हती.

पोरीने तिथल्या तिथे टेस्टिंगच्या तक्त्यात लाल रकाना भरला: नापास, कारण अमुक. तो खोडून टाकायचा मोह कितीक मुलांना होतो! खरं तर मूल्यमापनाचे मार्क अशाच रकान्यांवर मिळतात. पुढच्या आठवड्यात जन्मतारीख गेली, आपोआप पडणारा सभासद क्रमांक आला, पथ्य आणि नातेवाइकाचा फोन आला. खालांच्या हट्टापायी एक छापील यादीही आली, कारण स्वयंपाकघरातल्या बाई कम्प्युटरला हात लावत नाहीत.

शेजारच्या लॅबला मी कमी लेखत नाही. पण वहीवाल्या बाईसमोर तासभर बसून आपल्या प्रायमरी कीचे वाभाडे निघताना बघायचं, हे शिक्षण आता कुठल्या विषयात बसवायचं ते मला कोणी सांगितलेलं नाही.

मेच्या मध्यावर मार्क बोर्डाकडे गेले. मग कळलं, की क्लबच्या लॅपटॉपवर ऑफिस आहे पण त्यात अ‍ॅक्सेसच नाही. तयार डेटाबेस नुसता चालवणारं अ‍ॅक्सेस रनटाइम नेटवरून फुकट उतरवता येतं हे पोरीला ठाऊक होतं. हॉलच्या वायफायचा पासवर्ड मात्र कोणालाच ठाऊक नव्हता.